पुण्याचे नाव, बस्तरचा अंधार

जगदलपूरच्या दक्षिणेला, कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात, कोटमसर नावाची चुनखडीची गुहा आहे. भूगोलाचे अभ्यासक शंकर तिवारी यांनी १९५०च्या दशकात तिची नीट पाहणी केली. पुढे आतल्या जीवांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा डबक्यांतल्या एका बोटभर माशाकडे लक्ष गेले. त्याचा रंग उडालेला होता, डोळे खुरटलेले, काहींचे तर कातडीआड गेलेले. जयंत बिस्वास, अतनु पती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशावर वर्षानुवर्षे काम केले. जिथे दिवस उगवतच नाही तिथे वाढलेल्या जिवाच्या अंगात दिवसाचे घड्याळ उरते का, हवेचा घोट घ्यायला तो पाण्यावर केव्हा येतो, उजेड पडला तर पळतो का, असे त्यांचे प्रश्न होते. गंमत अशी, की त्यांच्या निबंधांत माशाला दिलेले नाव पुण्याहून आलेले आहे. तेव्हाचे निमॅकायलस इव्हेझार्डाय आणि आताचे इंडोरिओनेक्टीस इव्हेझार्डाय हे नाव फ्रान्सिस डे या इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये पुण्याच्या माशाला दिले होते, पुण्यातल्या कर्नल एव्हेझार्डच्या सन्मानार्थ. तेव्हा प्रश्न असा उरतो, की साडेआठशे किलोमीटर पलीकडच्या अंधारात राहणारा हा मासा खरोखर पुण्याचाच आहे, की आपण त्याच्यावर नुसते पुण्याचे नाव डकवले आहे?

माझे म्हणणे असे आहे, की अंध माशाचा इतिहास त्याच्या अंधत्वावरून वाचता येत नाही. तो त्याच्या डोळस भावंडांवरून वाचावा लागतो, आणि ती भावंडे ओळखायला नजर अपुरी पडते, जनुकांची साक्ष लागते. हे मान्य केले तर पुण्याच्या वरच्या अंगाच्या, एकही अंध मासा नसलेल्या भोर-वेल्ह्याच्या ओढ्यांना या कथेत मोठे स्थान मिळते. ते कसे, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद केली ती विल्यम हेन्री सायक्स या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने. मुंबई इलाख्याची आकडेवारी गोळा करायला त्याला १८२०च्या दशकात नेमले होते. गावोगावची पिके, जाती, बाजारभाव टिपता टिपता त्याने पक्षी आणि मासेही टिपले, आणि १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळातर्फे प्रसिद्ध झाला. सायक्सची एक गोष्ट मला फार आवडते. त्याने बऱ्याच माशांची शास्त्रीय नावे नदीकाठच्या माणसांच्या तोंडून उचलली. खुद्री, नुकटा, मळ्या, कोळस, सांडखोल, मुरे असे मराठी शब्द त्याने लॅटिन घाटात बसवले, आणि त्यांतले कित्येक आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात जसेच्या तसे चालतात. ज्याला आपण खडशी म्हणतो तो महसीर ‘टॉर खुद्री’ आहे, आणि त्याचे मूळ ठिकाण, म्हणजे नाव देताना वापरलेला नमुना जिथला ती जागा, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत आहे. दगडाखाली दडणाऱ्या बारक्या मुरीच्या एका जातीला त्याने मुरेह नाव दिले. भोयाने मासा ओळखायचा आणि साहेबाने तो लिहून ठेवायचा, अशी ही वाटणी होती. ओळख भोयाची असल्यामुळे ती निदान त्या पाण्यापुरती पक्की असे.

डेच्या काळापर्यंत ही घडी बदलली होती. मद्रास इलाख्यात डॉक्टर म्हणून आलेला हा माणूस पुढे हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशाच्या मत्स्यव्यवसायाचा महानिरीक्षक झाला, आणि साऱ्या उपखंडातून त्याच्याकडे नमुने येऊ लागले. पुण्याहून नमुने मिळवून देणाऱ्यांत एव्हेझार्ड होता. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक ओढ्याचे नाव टिपणे शक्य नव्हते, आणि इव्हेझार्डायचे मूळ ठिकाण म्हणून आपल्या हाती एकच शब्द उरला: पुणे. त्या काळच्या पुण्याच्या वरच्या अंगाला भोरच्या पंत सचिवांचे संस्थान होते. राजगड आणि तोरणा, म्हणजे पुढच्या वेल्हे तालुक्याचा गाभा, त्याच संस्थानात मोडत असे. मुठेचे पाणी मात्र संस्थानाची हद्द जाणत नव्हते. आंबी आणि मोसे या तिच्या उपनद्या वेल्ह्याच्या डोंगरांतून उतरतात, म्हणजे पुण्याच्या पुलाखाली जे पाणी जाते त्यातला मोठा हिस्सा वेल्ह्याचा असतो. डेच्या एका शब्दाचा भूगोल लावायचा तर पुणे शहरापाशी थांबून चालणार नाही. नदीच्या उलट अंगाने पानशेतच्याही वर चढावे लागेल.

इव्हेझार्डाय हाही मुरीच्याच कुळातला. तो दिसतो कसा, तेही पाहू. लांबी फार तर दोन इंच, अंग गोलसर आणि बुळबुळीत, त्यावर मातकट पट्टे. तोंडाभोवती मिशा असतात आणि पुढच्या नाकपुडीचे टोकही लांबून मिशीसारखे झालेले असते, त्यामुळे पहिल्या नजरेला मिशांची एक जोडी जास्तच वाटते. हा पोहत फिरणाऱ्यांतला नाही. दगडाखालच्या फटीत पोट टेकवून बसायचे, अंधार पडला की मिशांनी तळ चाचपत किडे शोधायचे, हा त्याचा संसार. दगड उचलला की गढूळ पाण्यात एक रेघ हलते आणि शेजारच्या दगडाखाली नाहीशी होते. पोटाची खळगी भरायला डोळ्यांवर फारसे अवलंबून नसलेला, चाचपून जगणारा असा जीव पावसाच्या लोंढ्याबरोबर एखाद्या गुहेत शिरला, तर तो तिथे उपाशी मरणार नाही. जगातल्या गुहांत मुरीच्या कुळातले मासे इतके आढळतात त्यामागे हेच असावे. गुहेत शिरण्याआधीच त्यांची अंधाराशी ओळख झालेली असते.

जनुके वाचता येण्यापूर्वी माशांचा इतिहास भूगोलावरून लावला जाई, आणि त्या कामातले आपल्याकडचे सर्वांत मोठे नाव सुंदरलाल होरा यांचे. सह्याद्रीच्या धबधब्यांत राहणारे काही मासे मलाया आणि आसामच्या माशांसारखे दिसतात, मधल्या प्रदेशात मात्र ते नाहीत. मग ते इकडे आले कसे? होरांनी उत्तर दिले, की सातपुडा-विंध्याची रांग एके काळी अधिक उंच आणि ओली असावी आणि तिच्याच अंगाने हे मासे पश्चिमेकडे सरकले असावेत. हा ‘सातपुडा सिद्धान्त’ म्हणून गाजला. त्याची भव्यता आजही मोहात पाडते. पण त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे: सारखे दिसतात म्हणून एका रक्ताचे. धबधब्यातल्या माशाला दगडाला चिकटायला पोटाखाली चकती लागते. ती आसामात वाढली तशी सह्याद्रीतही स्वतंत्रपणे वाढू शकते. गुहेतल्या माशाचे डोळेही असेच. अंधार सगळीकडे सारखाच असतो, म्हणून त्यात घडलेले चेहरेही सारखे होतात. रोहिडखोऱ्यातल्या वतनाचा तंटा कुणाचा चेहरा कुणाशी जुळतो यावर मिटत नसे, गोतसभा बसवून साक्षी घेऊन महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, करावा लागे. माशांच्या बाबतीत हा महजर करायची सोय गेल्या तीसेक वर्षांत झाली.

ती सोय दिसायला अगदी साधी आहे. माशाच्या परातला भाताच्या शितापेक्षा लहान तुकडा कापून अल्कोहोलच्या कुपीत टाकतात. त्यातून डीएनए काढून एका ठराविक जनुकाच्या लाखो प्रती करतात आणि त्याची अक्षरे क्रमाने वाचतात. माशांसाठी बहुधा पेशीतल्या मायटोकाँड्रियाची जनुके घेतली जातात. सायटोक्रोम बी हे त्यांतले एक, सुमारे ११४० अक्षरांचे. ही जनुके आईकडून पोरांना मिळतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या नकलताना त्यांत चुका साठत जातात. हस्तलिखिताच्या दोन प्रतींत एकच चूक सापडली की दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरवल्या, असे पोथ्यांचे अभ्यासक ठरवतात. इथेही तर्क तोच आहे. सामाईक चुकांवरून भावकी कळते, आणि वेगळ्या चुकांच्या संख्येवरून वाटण्या केव्हा झाल्या त्याचा अंदाज येतो.

सह्याद्रीच्या उत्तर भागात हे काम ज्यांनी उभे केले त्यांत पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत काम केलेले नीलेश डहाणूकर, केरळचे राजीव राघवन, आणि उन्मेष कटवटे, प्रदीप कुमकर, श्रीकांत जाधव यांच्यासारखे तरुण अभ्यासक होते. २०१६ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी ‘पेथिया संजयमोलुरी’ या बारक्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. तो भीमेच्या पवना आणि नीरा या उपनद्यांतला. नीरा उगम पावते ती भोर तालुक्यात, वरंधा घाटाच्या माथ्याजवळ शिरगावला. पुण्यात १८२०च्या दशकापासून साहेब मासे मोजत आले, फ्रेझर आणि सूटर यांनी १९४०च्या दशकात याद्या छापल्या, तोणपी आणि मुल्हेरकर यांनी १९६३ मध्ये पुन्हा छापल्या, आणि तरीही जिला शास्त्रीय नाव नाही अशी एक जात २०१६ पर्यंत याच पाण्यात राहिली होती. खवल्यांची मोजदाद आणि सायटोक्रोम बीची साक्ष एकत्र आली तेव्हा ती वेगळी ठरली.

आपल्या मुरीच्या बाबतीत निवाडा झाला तो २०२१ मध्ये. कुमकर आणि सहकाऱ्यांनी इंडोरिओनेक्टीसच्या दोन नव्या जातींचे वर्णन केले. एक आंबोलीच्या हिरण्यकेशीतली, तिचे नाव राजीवी. दुसरी मुळेतली, तिचे नाव नीलेशी. (एव्हेझार्डने कर्नल म्हणून जो मान मिळवला तो आता जनुके वाचणाऱ्यांना मिळतो आहे, हा काळाचा फरक.) इथे वाचकाने एका घोटाळ्यापासून सावध राहावे. ही मुळा पुण्याची नाही, नगर जिल्ह्यातून वाहत प्रवरेवाटे गोदावरीला मिळणारी आहे. आणि माझ्या मते साऱ्या युक्तिवादाची कळ नेमकी इथे आहे. पुण्याची मुठा भीमेतून कृष्णेला जाते. नगरची मुळा आणि बस्तरची कांगेर या दोन्ही गोदावरीच्या, कांगेर कोलाब-शबरीच्या वाटेने. पुण्याहून एका दिवसात जाऊन यावे इतक्या जवळच्या गोदावरीच्या मुरीला जर इव्हेझार्डाय म्हणता येत नसेल, तर त्याच गोदावरीच्या पार खालच्या टोकाला, हजारो वळणांपलीकडे, एका गुहेत राहणाऱ्या मुरीला इव्हेझार्डाय म्हणायचा आधार कोणता? बाह्य रूप, एवढाच. आणि बाह्य रूप किती फसवते हे नीलेशी आणि राजीवी दोघींनी दाखवून दिले आहे. दीडशे वर्षे त्या जुन्याच नावाच्या पोटात सुखाने दडल्या होत्या.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नद्या कायमच्या वेगळ्या नसतात. डोंगराची धार झिजते, एक नदी दुसरीचा ओढा पळवते, आणि मासे एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातात. वेल्ह्यातच पाहा. पाबे घाटाच्या उत्तर उतारावरचा पाऊस खडकवासल्याकडे मुठेला जातो, दक्षिण उतारावरचा कानंदी-गुंजवणीतून नीरेला. मधली धार पायी ओलांडायला फार वेळ लागत नाही. हे दोन्ही ओघ शेवटी भीमेतच भेटतात, मुठेचे पाणी दौंडच्या अलीकडे आणि नीरेचे थेट नरसिंगपूरला. पण ओढ्यातल्या मुरीला शेकडो किलोमीटरची संथ, खोल नदी उतरून पुन्हा चढणे जवळपास अशक्यच. तिच्यासाठी हे दोन उतार दोन वेगळे मुलूख आहेत. पश्चिमेची धार ओलांडली की पाणी सावित्रीवाटे अरबी समुद्राला जाते, तो तिसरा मुलूख. म्हणजे नदीची पळवापळव झाली असणे शक्य आहे, आणि पूर्वी कधी तरी कृष्णेची मुरी गोदावरीत शिरली असणेही शक्य आहे. पण तसे झाले असेल तर त्याची खूण जनुकांत राहते: पळवलेल्या ओढ्यातले मासे नव्या नदीच्या शेजाऱ्यांपेक्षा जुन्या नदीच्या भावकीशी जवळचे निघतात. या आक्षेपाने जनुकांची गरज कमी होत नाही, उलट वाढते. आणि तुलना करायला पाबे घाटाच्या दोन्ही अंगांच्या मुरीची साक्ष हातात असावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे. एका जनुकावर विसंबून जाती पाडणे बरे नव्हे. मायटोकाँड्रिया फक्त आईची बाजू सांगतो, आणि दोन जातींत कधी संकर झाला असेल तर तो उसनाही आलेला असू शकतो. शिवाय अमुक टक्के फरक म्हणजे वेगळी जात, ही रेघ ओढणार कोण? हा आक्षेप मी अर्धा मानतो. टक्क्यांची रेघ सोयीची आहे, निसर्गाने ओढलेली नाही. पण चांगले अभ्यासक एकट्या टक्क्यावर निकाल देत नाहीत. केरळातल्या होराग्लॅनिसचे प्रकरण हे याचे उत्तम उदाहरण. होरांच्याच नावाने मेनन यांनी १९५० मध्ये नोंदवलेला हा बोटाच्या दोन पेरांएवढा, गुलाबी, डोळे नसलेला मासा जांभ्या दगडाखालच्या भूजलात राहतो आणि विहीर खणताना किंवा उपसताना कधी तरी वर येतो. राघवन, डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षे गावकऱ्यांच्या मदतीने हे मासे जमवले, ४७ नव्या ठिकाणांच्या नोंदी आणि ६५ नवे जनुकक्रम हाती आले, आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आला. एका जनुकात सात टक्क्यांहून जास्त अंतर असलेल्या चार वेगळ्या जाती, पण बाहेरून पाहिले तर जणू एकाच साच्यातून काढलेल्या. चौथीचे नाव त्यांनी ‘पॉप्युली’ ठेवले, लोकांची. या माशांची सारी रूपे सारखी का? कारण अंधाराला एकच रूप चालते. तिथे नजरेचा निवाडा मागितला असता तर तो चुकीचाच मिळाला असता. टक्क्यांना ठिकाणांची जोड होती, म्हणून तो निष्कर्ष पटतो.

डोळे जातात कसे, हा तर वेगळाच इतिहास आहे, आणि त्यातही जनुकांनी जुने समज मोडले. डार्विनने १८५९ मध्ये गुहेतल्या प्राण्यांचे अंधत्व न वापरण्याच्या माथी मारले होते. मेक्सिकोच्या अस्टियानॅक्स माशाने हे चित्र बदलले. या एकाच जातीचे मासे नदीत डोळस आणि निरनिराळ्या गुहांत अंध आहेत. विल्यम जेफ्री आणि योशियुकी यामामोतो यांनी २००० मध्ये नदीतल्या माशाच्या पिलाचे नेत्रभिंग गुहेतल्या पिलाच्या डोळ्यात बसवले, तर खुरटणारा डोळा पुन्हा वाढला. म्हणजे डोळा बांधायची सामग्री शाबूत होती, सुरुवात करून देणारा कारागीर गेला होता. २००८ मध्ये रिचर्ड बोरोस्की यांनी दोन वेगवेगळ्या गुहांतल्या अंध माशांचा संकर केला आणि काही पिले डोळस निघाली! दोन आंधळ्यांच्या पोटी डोळस मूल येते याचा अर्थ एकच: दोघांचे डोळे वेगवेगळ्या जनुकांच्या बिघाडाने गेले होते, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली. इथे माझा मूळ मुद्दा प्रयोगाने सिद्ध होतो. अंधत्व सारखे असले तरी त्याचा इतिहास एक नसतो. डोळे जाण्यात माशाचा फायदाही असतो. लहान माशाच्या विश्रांतीतल्या ऊर्जेपैकी १५ टक्क्यांपर्यंत खर्च दृष्टीवर होतो असे २०१५ मध्ये मोजले गेले. जिथे अन्न पुराबरोबर येईल तेव्हाच, तिथे हा खर्च परवडणारा नाही.

मग कोटमसरचा मासा अंधारात किती काळ आहे? जगात या प्रश्नाची दोन टोकांची उत्तरे मिळाली आहेत. अमेरिकेतल्या ओझार्क डोंगरातल्या गुहामाशाने डोळ्यांची जनुके गमवायला एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी सुरुवात केली असावी, असा अंदाज मोडलेल्या जनुकांत साठलेल्या चुका मोजून निघाला आहे. त्यावरून त्या गुहांचेही किमान वय काढता येते, म्हणजे आता मासा गुहेचा दाखला देतो. दुसरे टोक जर्मनीत. २०१५ मध्ये डॅन्यूब आणि आख यांच्यामधल्या भुयारी पाण्यात एका पाणबुड्याला फिकट, बारीक डोळ्यांची मुरी दिसली. जवळच्या नद्यांतल्या डोळस मुरीशी जनुके ताडून पाहिली तेव्हा ती वेगळी पडलेली, पण वेगळी होऊन वीस हजार वर्षेही न झालेली निघाली. हिमयुग ओसरल्यावर ती आत शिरली होती. कोटमसरचे मासे मला या दुसऱ्या प्रकारात मोडणारे वाटतात. तिथल्या साऱ्या माशांची स्थिती एकसारखी नाही, काहींचे डोळे बरेच शिल्लक आहेत. गुहा पावसाळ्यात पुराने भरते, इतकी की पर्यटकांना ती बंद ठेवावी लागते. म्हणजे दर वर्षी बाहेरची मुरी आत येऊ शकते आणि आतली बाहेर जाऊ शकते. तेव्हा ही विविधता नव्या वस्तीची खूण असेल, नाहीतर चालू असलेल्या सोयरिकीची. या दोहोंत निवड करायला आधी कांगेर नदीच्या डोळस मुरीची जनुके लागतील, मग नगरच्या मुळेतल्या नीलेशीची, आणि शेवटी खऱ्या इव्हेझार्डायची, म्हणजे मुठेची. क्रम असाच हवा. आधी शेजार, मग भावकी, मग नाव.

‘नाव काय ठेवले याने माशाला काय फरक पडतो?’ असे कुणी म्हणेल. पडतो, आणि याचा धडा पुणे जिल्ह्यातूनच मिळाला आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात खडशीची पिले वाढवली गेली आणि ती पुढे दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, त्यात कावेरीही होती. कावेरीचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर वेगळ्या जातीचा, टॉर रेमादेवी, हे २०१८ मध्ये रूप आणि जनुके जुळवून पक्के झाले. तोवर तिथे पुण्याच्या खडशीने पाय पसरले होते, आणि मूळ मासा अतिसंकटग्रस्त यादीत गेला. महसीर म्हणजे महसीर, एवढी ढोबळ ओळख पुरे मानण्याची ही किंमत. कोटमसरच्या माशाला इव्हेझार्डाय म्हणत राहिलो तर तो कागदावर दख्खनभर पसरलेल्या सामान्य माशांपैकी एक ठरतो, आणि सामान्य माशाच्या एका गुहेची काळजी कोण करणार? याच्या उलट उदाहरण मेघालयाचे. तिथल्या क्रेम उम लादाव गुहेत २०१९ मध्ये आढळलेला हातभर लांबीचा अंध मासा २०२३ मध्ये निओलिसोकायलस प्नार म्हणून वेगळा नोंदला गेला, डोळस भावंडांशी जनुके ताडून. जगातला सर्वांत मोठा गुहामासा म्हणून त्याला आता स्वतंत्र ओळख आहे. त्या निबंधाच्या लेखकांत डहाणूकर आणि राघवन होतेच.

राहिला शेवटचा प्रश्न: भोर-वेल्ह्यात अंध मासा का नाही? इथला काळा पाषाण लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला. चुनखडी पाण्यात विरघळते तसा तो विरघळत नाही, म्हणून नदीला आत शिरून भुयार कोरता येत नाही. विहिरीला जे पाणी लागते ते भेगांतले आणि मुरमातले. केरळसारखा सच्छिद्र जांभा आपल्याकडे पसरला आहे तो रत्नागिरी-सिंधुदुर्गात, आणि आपला होराग्लॅनिस शोधायचाच असेल तर मी कोकणातल्या विहिरी उपसताना शोधीन, राजगडाच्या टाक्यांत नाही. वेल्ह्याकडे गुहा नाही, पण गुहेच्या माशाची ओळख पटवणारी भावकी आहे.

ती भावकी मात्र आक्रसत आहे. भाटघरचे पहिले धरण १८८०-९०च्या दशकांतले, आताचे १९२०च्या दशकातले. पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर आणि गुंजवणी त्यानंतरची. जिथे खळाळते पाणी होते तिथे आता उभे पाणी आहे, आणि उभ्या पाण्यात मुरी राहत नाही, तिलापिया राहतो. पुणे जिल्ह्याच्या माशांच्या जुन्या याद्या नव्या पाहणीशी ताडून खरात, डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्येच दाखवले होते, की स्थानिक जाती कमी होत आहेत. डेने जमवलेले मासे कोलकाता, लंडन, लायडन आणि सिडनीच्या संग्रहालयांत विखुरले आहेत, दीडशे वर्षे दारूत बुडून. त्यांतून जनुक काढणे कष्टाचे आणि बेभरवशाचे. जिवंत इव्हेझार्डाय मिळायचा तर धरणांच्या फुगवट्याच्या वर, आंबी आणि मोसेच्या उरलेल्या वाहत्या ओढ्यांतच. तिथल्या मुरीची नोंद आणि जनुकांची कुपी ज्याच्या हाती येईल, त्यालाच बस्तरच्या माशाला हे पुण्याचे नाव लागू आहे की नाही ते ठरवता येईल. तोवर कोटमसरच्या माशाचे नाव इव्हेझार्डाय असे लिहिणाऱ्याने त्यापुढे प्रश्नचिन्ह घालावे.